साठीनंतर वजने उचलायला सुरुवात करताना

तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता हे उत्तमच आहे. परंतु चालण्याने दम वाढत असला, तरी वयाबरोबर झिजणारे स्नायू केवळ त्यावर टिकत नाहीत, त्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस भार द्यावाच लागतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

सुरुवात खुर्चीपासून करा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लास्टिकची नको, ती सरकते), पावले किंचित मागे घ्या, हात छातीवर ठेवून श्वास सोडत उठा आणि बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश टेका. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला, कारण खाली येताना शरीर आवरून धरण्यातच मांड्यांचा कस लागतो. दहा वेळा सहज जमू लागले की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. शेवटचे दोन-तीन वेळचे उठणे जड गेलेच पाहिजे.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांत दुपटीहून अधिक वाढली होती, त्यामुळे वयाची सबब मला पटत नाही.

आहारात नुसत्या पातळ वरणावर भागत नाही. साठ किलो वजनाच्या ज्येष्ठाला दिवसाला साधारण साठ ते बहात्तर ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणून घट्ट वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासे दोन्ही जेवणांत असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या दुखल्या तर घाबरू नका. सांध्यात कळ आली किंवा छातीत दडपण जाणवले तर तत्काळ थांबा.