संधिवाताच्या गोळ्या चालू असताना काढा, शेक, योगा चालेल का?

प्रश्न : मी 46 वर्षांची आहे, सांगलीला असते. रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक ॲसिड घेते. सूज बरीच उतरलीय पण सकाळी बोटं आखडतात, कणीक मळताना मनगट ठणकतं. जाऊबाई म्हणतात या गरम गोळ्या सोड आणि गुळवेलीचा काढा घे, भाचा म्हणतो योगा कर. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, मेथोट्रेक्सेट ही पेनकिलर नाहीये. तुमचीच इम्युनिटी सांध्यांवर उलटलीय, तिला आवर घालायचं काम ती करते, म्हणून दुखणं कमी वाटलं तरी गोळी मनाने सोडायची नाही, नाहीतर सांधे आतून झिजत राहतात आणि बोटं एकदा वाकडी झाली की काढ्याने सरळ होत नाहीत.

आता गुळवेल. तुमच्यासाठी मी स्पष्ट नाही म्हणेन. गुळवेल इम्युनिटी वाढवते म्हणून लोक घेतात, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय. शिवाय मेथोट्रेक्सेटचा लिव्हरवर ताण असतो म्हणून तर तुमच्या रक्ताच्या टेस्ट होत असतात, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं हे खरं, पण तुमच्या बाबतीत रिस्क कशाला घ्यायची? भाजीतली हळद खुशाल खा, हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि लेबल नसलेल्या पुड्या कोणी कितीही प्रेमाने दिल्या तरी नाही, त्यात कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून तर लगेच आराम पडतो.

ज्याने खरंच फरक पडतो तो म्हणजे हाताचा व्यायाम. ब्रिटनमध्ये 490 पेशंटवर अभ्यास झाला, 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, औषधं सगळ्यांची चालूच होती, त्यातल्या ज्यांना बोटं-मनगटाचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम नीट शिकवले त्यांचे हात वर्षभरानंतरही जास्त चांगले चालत होते. एकदा फिजिओकडे जाऊन शिकून घ्या आणि घरी रोज करा. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मिट करा, आखडलेपणा सुटतो. फिजिओकडे मेणाचा शेक मिळतो तोही छान. पण सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी शेक नको, जोरात मालिश तर नकोच, टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवा.

योगा जरूर करा, फक्त मनगटावर भार येणारी आसनं सोडा, सूर्यनमस्कारातलं पर्वतासन, भुजंगासन वगैरे. प्राणायाम, शवासन चालेल, मन शांत झालं की झोप लागते आणि झोप नीट झाली की दुखणं सोसायला सोपं जातं.

स्वयंपाकघरात पण बदल करा. सांडशी दाबून जड पातेलं उचलताना अंगठ्यावर केवढा ताण येतो बघा, त्यापेक्षा दोन कानांचं भांडं घ्या आणि दोन्ही तळव्यांवर उचला. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळव्याने फिरवा. कणीक घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मळली तर काही बिघडत नाही ताई, भाच्यालाच सांगा!

आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त वेळ राहत असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना किती वेळ राहतो ते नक्की सांगा, डोस बदलायची गरज असू शकते. घरात चालू असलेलं प्रत्येक चूर्ण, काढा, तेल कागदावर लिहून सोबत न्या.