‘घाटी’ कोणाला म्हणतात?

प्रश्न : गोव्यात परप्रांतीय मजुराला सरसकट ‘घाटी’ (बोलण्यात ‘घांटी’) म्हणतात. ही मूळचीच शिवी आहे का?

नाही. ‘घाटी म्हणजे डोंगरातला अडाणी’ हे जे सारखे ऐकवले जाते, ते तर साफ चूक. डोंगर तो सह्याद्री. घाट म्हणजे तो ओलांडायची वाट. चोर्ला घाट, अनमोड घाट, आंबोली घाट ही वाटांचीच नावे. अख्ख्या रांगेला घाट म्हणायचा घोळ युरोपियनांनी घातला आणि ‘पश्चिम घाट’ म्हणून आपण तो निमूटपणे पुस्तकांत घेतला.

खरी गंमत ‘बालाघाट’मध्ये आहे. फारसी ‘बाला’ म्हणजे वर. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. जुन्या पोर्तुगीज लिखाणातही हा शब्द भेटतो. बैलांच्या तांड्यांवरून गोव्याचे मीठ वर जाई, वरचे धान्य खाली येई. या देवघेवीतला घाटी म्हणजे वरून आलेला माणूस, एवढेच. किनाऱ्यावरचे कानडीभाषकही वरच्यांना ‘घट्टदवरु’ म्हणतात.

मग वरच्याचे नाव तुच्छतेचे कसे झाले? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातल्या वादाकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. मुंबईत देशावरून आलेल्या मराठी हमालांना आणि गिरणी कामगारांना त्याच्या कितीतरी आधीपासून घाटी म्हणत. तिथे कुठला कौल होता? अंगमेहनत करणारा परका आणि त्याला राबवणारा स्थानिक, ही जोडी मात्र दोन्हीकडे आहे. त्या वादाने राग वाढला असेल, शब्दाला दर्जा चिकटवला तो मजुरीने.

पडताळा सोपा आहे. बेळगावकडचा डॉक्टर घाटावरचाच, पण त्याला सहसा कोणी घाटी म्हणत नाही. त्याच गावचा गवंडी मात्र घाटी. झारखंडहून रेल्वेने आलेला मजूरही घाटीच, मग त्याच्या गावाचा सह्याद्रीशी संबंध असो वा नसो. आणि गोव्यात हा शब्द बिनदिक्कत वापरणारा मराठी माणूस मुंबईत गेला की स्वतःच घाटी ठरतो!

‘घाटी मसाला’ म्हणताना कोणाचा अपमान होत नाही, कारण तिथे ते विशेषण आहे. ‘तो घाटी’ म्हटले की माणसाचे गाव, नाव, काम सगळे पुसले जाते. प्रदेश सांगायचा तर ‘घाटावरचा’ म्हणा, काम सांगायचे तर गवंडी, हमाल म्हणा. कोशकारांनीही ‘घाटावरचा रहिवासी’ एवढ्यावर न थांबता नोंदीपुढे ‘हीनतादर्शक’ असा शेरा द्यायलाच हवा.