नोकरीच्या दोन ऑफर हातात असताना

अभिनंदन! पुण्याची 7 लाखांची आणि मुंबईची 8 लाखांची ऑफर समोर असताना नवखा उमेदवार पहिली चूक करतो, ती वार्षिक आकड्यांची थेट तुलना करण्याची. त्या सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस बहुतेक वेळा धरलेला असतो. म्हणून एचआरकडून पगाराचा तपशील लेखी मागवा आणि दरमहा खात्यात नेमके किती जमा होतील, ते कागदावर मांडा. माझ्या पहिल्या नोकरीत बोनसचे 90 हजार हाती आलेच नाहीत, कारण त्यापुढचे ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ हे शब्द मी वाचलेच नव्हते. मुंबईचे घरभाडे आणि डिपॉझिटही याच कागदावर लिहा.

ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे, त्यांच्याशी अर्धा तास तरी बोला. पहिल्या दोन वर्षांत काय शिकायला मिळेल, हे त्यातूनच उमगते आणि माझ्या मते सुरुवातीला पगारापेक्षाही हेच वजनदार ठरते.

याखेरीज एवढे सांभाळा:
- नोटीस पीरियड आणि बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीची) कलमे सहीपूर्वी वाचा.
- लेखी नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत दुसरीकडे नकार कळवू नका. निर्णय झाला की मात्र त्याच दिवशी नम्रपणे कळवा.