अर्धी प्रार्थना

“देवाला सगळं आधीच माहीत आहे, मग मागायचं कशाला?” हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. ऐकायला धर्मशास्त्राचा वाटतो, पण थोडं खरवडलं की खाली बहुधा न मिळालेलं काहीतरी सापडतं.

पन्नाशीचे एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाखातर माझ्याशी बोलायला आले. वर्षानुवर्षं संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, घेणारे. पत्नीची तक्रार वेगळीच होती. “ताई, हे प्रार्थनेत फक्त आभार मानतात. मुलीची परीक्षा असो, सासूबाईंचं दुखणं असो, मागत काहीच नाहीत.”

ते शांतपणे म्हणाले, “बायबलमधलं मत्तय 6:8. आपण मागण्याआधीच बापाला ठाऊक असतं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.”

वचन बरोबर होतं. पण त्याच्या पुढच्याच ओळीपासून येशू प्रभूची प्रार्थना शिकवतो आणि तिच्यात चक्क रोजची भाकर मागायला लावतो. हे मी तेव्हा बोलले नाही. एवढंच विचारलं, “शेवटचं काय मागितलं होतं?”

बराच वेळ गेला. मग कळलं. धाकटा भाऊ, कॅन्सर. उपास झाले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, सगळी मंडळी गुडघ्यावर. भाऊ गेला. मातीहून परतताना कुणीतरी म्हणालं, “विश्वास कमी पडला असेल.”

या वाक्याचा मला फार राग आहे. शरीरातला काटा, म्हणजे छळणारा एक त्रास, निघावा म्हणून बायबलमधल्या प्रेषित पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. त्याचा विश्वास मोजायला कुणी गेलं नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना मार्क 14:36 मोठ्याने वाचायला सांगितलं. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना. “माझ्या इच्छेप्रमाणे नको” इथे येताच ते म्हणाले, “हेच तर मी म्हणतो.”

“त्याच्या आधी काय आहे?”

“…हा प्याला माझ्यापासून दूर कर.”

“येणारं दुःख टळो, हेही त्यानेच मागितलं ना? आणि एकदाच नाही. तुम्ही पुढचं अर्धं म्हणता, आधीचं गिळून टाकता.”

मग मी बार्तीमयाची आठवण करून दिली. बायबलमधली ही गोष्ट ते दरवर्षी मुलांना शिकवत. समोर आंधळा माणूस उभा, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? त्याला काय हवंय ते दिसतच होतं. तरी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू दिलं. या प्रश्नाकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं ते पुटपुटले.

भाऊ का वाचला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी ते रचूनही दिलं नाही.

तीन आठवड्यांनी ते एकटेच आले. “आईला झोप लागत नाही. तिच्यासाठी मागायला बसलो, तर आधी तासभर भावावरूनच देवाशी भांडलो. मग मागितलं.”

“लागली झोप?”

“एक रात्र,” ते म्हणाले. “काल परत मागितलं.”