आवाज तुटतो, फाटतो की घुमतो?

प्रश्न असा आला आहे: व्हॉट्सॲपसारख्या कॉलवर आवाज 'तुटतोय' म्हणायचं की 'फाटतोय'? 'जिटर'ला मराठीत काय म्हणावं? आणि कॉल एन्क्रिप्टेड (मधल्या कुणाला ऐकून कळू नये असा कूटबद्ध केलेला) असेल तर त्याला 'गुप्त कॉल' म्हणता येईल का?

तुटणं आणि फाटणं, दोन्ही शब्द बरोबर आहेत. दुखणी मात्र वेगळी. इंटरनेटवरून आवाज जातो तो बारीक तुकड्यांनी. एकेक तुकडा साधारण 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 50 तुकडे, म्हणजेच पॅकेटं. ती बहुधा यूडीपीने (पोच न घेता पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीने) जातात आणि वाटेत हरवलेलं पॅकेट सहसा पुन्हा मागवलं जात नाही, कारण ते येईपर्यंत बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असतो. एखादंच हरवलं तर ॲप आजूबाजूच्या आवाजावरून भोक बुजवतं, आपल्याला कळतही नाही. ओळीने बरीच गेली की 'उद्या सका... ठेशनव... ये' असं काहीतरी ऐकू येतं. हे तुटणं. 'मधेमधे जातोय' म्हणतात तेही हेच. 'कॉल कट झाला' ही पुढची पायरी. आवाज तुटत असतो तेव्हा कॉल चालूच असतो.

फाटण्याचा नेटशी सहसा संबंध नसतो. माइक तोंडाशी धरून कुणी ओरडलं की आवाज माइकला पेलत नाही आणि चरचरतो. मांडवातल्या कर्ण्याचा आवाज फाटतो, तसाच. इथे वायफाय बदलून उपयोग नाही. 'जरा लांबून बोल' एवढं पुरतं.

'घुमतोय' हा शब्द मात्र घोटाळ्याचा आहे. समोरचा रिकाम्या खोलीत बसला असेल तरी आपण तेच म्हणतो आणि आपलेच शब्द आपल्याला परत ऐकू आले तरीही तेच. दुसऱ्या प्रकारात गडबड बहुतेक वेळा पलीकडे असते: त्यांच्या स्पीकरचा आवाज त्यांच्याच माइकमध्ये शिरतो. म्हणून 'माझाच आवाज मला परत येतोय' असं सरळ सांगावं, म्हणजे पलीकडचा इअरफोन लावतो.

आता जिटर. पॅकेटं निघतात सारख्या अंतराने, पोचतात मात्र कमीजास्त वेळाने. ही अनियमितता म्हणजे जिटर. शब्दशः 'थरथर' लिहिलंत तर वाचकाला बोलणाऱ्याचा आवाज कापरा झालाय असं वाटेल. 'विषम विलंब' अर्थाने चोख आहे, पण नेटवर्कवाल्याला तो म्हणून बघा! मी 'जिटर'च ठेवीन आणि पहिल्यांदा अर्थ सांगेन. ॲप पॅकेटं थोडी थोपवून सारख्या गतीने वाजवतं, त्यामुळे जिटर झाकला जातो, पण उशीर वाढतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.114 शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांपर्यंत असेल तर सहसा खटकत नाही. 400च्या वर जाऊ नये. फार वाढला की 'हां बोल', 'नाही, तू बोल' सुरू होतं. त्याला 'आवाज उशिरा येतोय' हे आपलं रोजचं वाक्य पुरेसं आहे.

जाता जाता: जुन्या लाइनची 'खरखर' गेली, तर शांततेत लोकांना फोन बंद पडल्यासारखं वाटू लागलं. म्हणून काही यंत्रणा मुद्दाम हलकी खरखर भरतात!

'गुप्त कॉल' मात्र नको. व्हॉट्सॲपही वापरतं तो एसआरटीपी (आवाज पाठवण्याचा 2004 सालचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत) आवाज कूटबद्ध करतो. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला हे सेवा देणाऱ्याला तरीही कळू शकतं. ऑफिसातल्या आयपी फोनवर तर कॉल जोडण्याचं काम बहुधा एसआयपी हा वेगळा प्रोटोकॉल करतो, आणि त्याला वेगळं टीएलएसचं (वेबसाइटच्या 'https'मागे असतं त्याच कूटबद्धीकरणाचं) संरक्षण द्यावं लागतं. तेव्हा 'कूटबद्ध संभाषण' म्हणा, किंवा सरळ 'एन्क्रिप्टेड'. 'सुरक्षित कॉल'सुद्धा मी टाळीन: बँकेतून बोलतोय सांगून ओटीपी मागणारा व्हॉट्सॲपवरून फोन करतो, तो कॉलही एन्क्रिप्टेडच असतो.