जो आला नाही, त्याच्याकडे जा

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तरुण संघाची जबाबदारी तुझ्याकडे आली हे ऐकून फार आनंद झाला. 'मला चारचौघांत बोलता येत नाही, मी इतरांना काय उत्तेजन देणार?' असं तू लिहिलंस. बाळा, बोलण्याचं काम यात थोडं आहे, जाण्याचं जास्त.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा काय काय करतो ते सलग वाचून काढ. यरुशलेमेत शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते, कारण आधी तो त्यांचा छळ करायचा. कुणी त्याला जवळ करेना. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने तोच बोलला. पुढे अंत्युखियात मंडळी वाढू लागली, तेव्हा शौलाला शोधायला तो स्वतः तार्सास गेला, त्याला घेऊन आला आणि वर्षभर दोघांनी मिळून लोकांना शिकवलं.

म्हणून उपासनेला कोण आलं नाही, ते आधी बघत जा. आपल्याकडे कुणाची वेर्ण्याच्या कारखान्यात रविवारची पाळी असते, हॉटेलात काम करणाऱ्या मुलांना तर नाताळातही सुट्टी मिळत नाही. त्याच संध्याकाळी फोन कर. 'का आला नाहीस?' म्हटलं की माणूस सबबी सांगू लागतो. 'कसा आहेस?' विचार आणि ऐकून घे. या मुलांसाठी आठवड्यात मधल्या एखाद्या रात्री कुणाच्या तरी खोलीवर जमा. चौघे असलात तरी चालेल. एक स्तोत्र वाचा, प्रार्थना करा, एकत्र जेवा. इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायात एकत्र येणं सोडू नका असं सांगितलंय. वार आणि वेळ तुम्ही ठरवायची.

ज्यांचे नवरे जहाजावर आहेत त्या बहिणींकडे आपलं फार दुर्लक्ष होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कित्येक महिने त्या एकटीने घर चालवतात, आणि आपण दारातूनच 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणून निघतो. प्रार्थना करच. पण बँकेचं काम, मुलाचा गणिताचा अभ्यास, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, यातलं एखादं काम अंगावर घे. जाताना संघातल्या एखाद्या ताईला सोबत ने.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कुणी अॅडमिट असेल, तर रोग्याजवळ रात्ररात्र जागणाऱ्या नातेवाइकाला एक रात्र घरी पाठव आणि तिथे तू बस. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं ठीक चाललं होतं. नंतर ते त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले. शोकाच्या घरी गेल्या गेल्या रोमकरांस पत्रातलं 'सर्व काही कल्याणासाठी' म्हणून दाखवू नकोस. वचन खरंच आहे, पण त्या घडीला आधी त्यांच्याबरोबर रडावं. तेही त्याच पत्राच्या 12व्या अध्यायात आहे.

कौतुक करशील तेव्हा नेमकं कर. उपासनेत वाचणाऱ्या मुलीला 'छान वाचलंस' म्हणून पुढे जाऊ नकोस. तिच्या वाचनातली कुठली ओळ तुझ्या मनात राहिली ते तिला सांग. पाळकांनाही सांग, त्यांच्याकडे तक्रारी रोज येतात, असं कुणी क्वचितच बोलतं.

आणि एक कळकळीने सांगते. प्रार्थनेचा विषय म्हणून कुणी घरातलं दुःख सांगितलं, तर ते ग्रुपवर टाकू नकोस, त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणालाही सांगू नकोस. एकदा बाहेर फुटलं की तो माणूस पुन्हा मन उघडत नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही गप्प होतात. वहीत लिहून ठेव, पुढच्या भेटीत 'त्या कामाचं काय झालं?' असं विचार.

सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. या आठवड्यात दोन नावं निवड आणि मला कळव. बांबोळीला जायचं ठरलं तर डबा मी करून देते, सकाळी कामावर जाताना घेऊन जा.

तुझी,
काकी