लिंकला रंग लागला, पण होव्हर गेला

प्रश्न : ताई, नमस्कार. पंचवटीत माझ्या आत्याच्या चार खोल्या आहेत, २०२७ च्या सिंहस्थाला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून मी तिची वेबसाइट करतोय. मजकूर आत्याच रिच टेक्स्ट एडिटरमध्ये टाईप करते. त्यातल्या एकेका लिंकला मी क्लास (रंगरूपाचे नियम लावण्यासाठी दिलेलं नाव) लावत बसलो, आणि तिने लिंक काढून परत टाकली की क्लास गायब. शेवटी मजकुराभोवतीच्या डब्याला क्लास देऊन त्यावरून सीएसएसमध्ये (रंगरूपाचे नियम असतात त्या फाईलमध्ये) आतल्या सगळ्या लिंकना मरून रंग दिला, तो लागला, पण आधी माउस वर नेला की, म्हणजे होव्हरला, थीमचा (वेबसाइटच्या तयार साच्याचा) केशरी रंग यायचा तो आता येतच नाही. नियमापुढे इम्पॉर्टंट, म्हणजे बाकीच्या नियमांवर मात करणारा शब्द, ठोकून देऊ का?

उत्तर : नको रे बाबा, एकदा इम्पॉर्टंट टाकायची सवय लागली की सुटत नाही. डब्यावरून रंग दिलास ते मात्र बरोबर केलंस, कारण एडिटर आतून लिंकसाठी साधा ए टॅग बनवतो, आत्याने कुठे क्लास सांभाळत बसायचं.

आता गंमत बघ. तू लिहिलंस डब्याचा क्लास आणि पुढे ए. थीमने लिहिलंय ए कोलन होव्हर. ब्राउझर वजन मोजतो तेव्हा एक क्लास आणि एक होव्हर यांचं वजन सारखंच, ए तर दोन्हीकडे आहे, म्हणजे बरोबरी झाली आणि बरोबरीत जो नियम खाली लिहिलाय तो जिंकतो, तुझी फाईल थीमच्या नंतर येते म्हणून माउस वर असतानाही मरूनच. तेव्हा डब्याचा क्लास, स्पेस, ए कोलन होव्हर असा नियम स्वतःच लिही, त्याचं वजन दोघांपेक्षा जास्त. सोबत फोकस-व्हिजिबलचा वेगळा नियम पण घाल, टॅब दाबत फिरणाऱ्यांसाठी. व्हिजिटेडचा, म्हणजे आधी उघडलेल्या लिंकचा, रंग द्यायचा असेल तर तो होव्हरच्या वर.

होव्हरला अक्षर बोल्ड करू नकोस, रुंदी वाढते आणि अख्खी ओळ हलते, कधी शेवटचा शब्द खाली पडतो. रंग किंवा लिंकखालच्या रेघेची जाडी बदल, बास.

रेघ काढून टाकायचा मोह होईल, पण नुसत्या रंगावर लिंक ओळखू येत नाही सगळ्यांना, मरून आणि काळा तर किती जवळचे. फक्त मराठीत एक भानगड आहे, ‘कुंभमेळा’ लिहिलं की रेघ कुच्या उकाराला चिकटते नाहीतर तिथे तुटते, आणि हे इंग्रजी नमुना मजकुरावर डिझाईन करणाऱ्यांना दिसतच नाही. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट (रेघ अक्षरापासून किती खाली) ०.२५ ईएमपासून, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पाव भागापासून, सुरू कर, फॉन्टप्रमाणे थोडं वरखाली.

आणि येणारे लोक बहुतेक फोनवरच बघणार, तिथे होव्हर नसतो, उलट टॅप केल्यावर रंग तसाच अडकून बसतो कधीकधी. म्हणून होव्हरचा नियम ‘मीडिया होव्हर : होव्हर’ या अटीच्या आत ठेव, म्हणजे जिथे होव्हर असतो तिथेच तो लागेल. फोकसचा मात्र बाहेरच राहू दे.